निर्जंतुक नाक

१

गुरुवारी दुपारी बारा नंबरच्या खाटेवरचा बस ड्रायव्हर गेला. जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं, एवढंच त्याचं दुखणं होतं. ऑपरेशन झकास झालं. पाचव्या दिवशी जखम लाल झाली, सातव्या दिवशी पू, मग ताप, मग तो जंतू रक्तात उतरला. एकामागून एक अँटिबायोटिक दिली आणि त्या जंतूने ती सगळी पचवली. बावन्न वर्षांचा धडधाकट माणूस तीन आठवड्यांत संपला. दोन महिन्यांत हाडांच्या वॉर्डात हाच हट्टी जंतू लागलेला हा सहावा रुग्ण, आणि मेलेला पहिला.

शुक्रवारी सकाळी प्रशासकसाहेबांनी गुन्हेगार शोधून काढलासुद्धा! हॉस्पिटलच्या पुढच्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्या शंभर माणसांसमोर, वॉर्डातल्या मावशींना उभं केलं आणि कागद वाचून दाखवला. मावशींच्या नाकाच्या तपासणीत तोच जंतू सापडला आहे, त्या सहाही रुग्णांच्या संपर्कात होत्या, सबब निलंबित, मंगळवारी संसर्ग समितीपुढे बडतर्फीचा निर्णय. गळ्यातलं ओळखपत्र तिथेच काढून घेतलं. ड्रायव्हरची बायको कागदपत्रं न्यायला आली होती. तिने ते ऐकलं आणि किंचाळत मावशींच्या अंगावर धावून गेली. "माझा माणूस खाल्लास गं! तुझं कधी भलं होणार नाही!"

मावशी एकोणीस वर्षं तिथे लादी पुसतात, चादरी बदलतात, रुग्णांना कुशीवर वळवतात. त्या नुसत्या पायऱ्या उतरून गेल्या.

मी या हॉस्पिटलची संसर्ग नियंत्रण परिचारिका. नाव भारी, काम साधं. कोणता जंतू कुठून कुठे गेला ते शोधायचं आणि दिसेल त्याला हात धुवायला लावायचं. माझ्या माघारी सगळे मला 'हातधुवी' म्हणतात. म्हणेनात का. पण मला न विचारता असला निकाल लागतो म्हणजे काय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी सकाळी तरातरा समितीच्या खोलीत गेले, म्हटलं ती फाईल काढते आणि यांच्या तोंडावर मारते. सहा रुग्णांचे आणि मावशींचे प्रयोगशाळेचे सविस्तर अहवाल त्यात होते. आठवडाभर मी सहा जखमांच्या मागे पळत होते, त्यामुळे पहिलं पान सोडून पुढचं वाचायला मला सवड मिळाली नव्हती.

कपाटाला कुलूप असतं, पण किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगलेली असते आणि हे अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक आहे. मी कपाट उघडलं. फाईलच्या जागी नुसती धूळ नसलेली चौकोनी जागा होती.

२

फाईल आपण होऊन चालत जात नाही. मावशींचा दोष जर इतका उघड होता, तर त्याचा पुरावा पळवायची गरज कोणाला पडली?

मी तळघरात प्रयोगशाळेत गेले. तिथले भाऊ एकटेच काम करतात. त्यांना आम्ही 'बरणीवाले' म्हणतो, कारण जरा वेगळा जंतू दिसला की ते तो फेकत नाहीत, चिमुकल्या कुपीत घालून बर्फपेटीत ठेवतात. वीस वर्षांचे जंतू आहेत त्यांच्याकडे. बायको जुन्या साड्या टाकत नाही तसं माझं आहे, असं म्हणतात.

"फाईल गेली?" भाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले. "जाऊ दे. कागद गेले, पण आरोपी माझ्या पेटीत आहेत ना!"

त्यांनी स्वतःची वही काढली. सहा रुग्ण, सहा ओळी, आणि खाली मावशींची सातवी.

"आता नीट ऐका बाई. नेहमीची औषधं ज्याला लागू पडत नाहीत असा हा जंतू. तो सहाजणांत सापडला आणि मावशींच्या नाकातही. पण 'तोच' कोणी म्हटलं? आडनाव एक असलं म्हणून माणूस एक होतो का? मी पुढच्या चाचण्याही केल्यात. सहा रुग्णांचे जंतू एकमेकांची हुबेहूब नक्कल आहेत. मावशींचा वेगळा आहे. ज्या दोन औषधांनी त्यांचा मरतो, त्यांनी हे सहा मरत नाहीत. उलट एक औषध मावशींच्या जंतूला लागू नाही, ते या सहांना आहे."

"हे अहवालात लिहिलं होतं तुम्ही?"

"दुसऱ्या पानावर. दुसरं पान कोण वाचतं आपल्याकडे!" भाऊ चिडून म्हणाले. "आणि सगळ्यात विचित्र गोष्ट तर हीच." त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. "नाकात लावायचं मलम. ज्याच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो त्याला आपण पाच दिवस लावायला देतो ते. मावशींचा जंतू त्या मलमाने फटकन मरतो. या सहांचा मरत नाही. मलमात बुडवला तरी मजेत वाढतो."

मी खुर्ची ओढून घेतली. या सहा रुग्णांपैकी कोणालाही ते मलम दिलेलं नव्हतं. आमच्या हॉस्पिटलात वर्षभरात कोणालाच दिलेलं नव्हतं, कारण ते द्यायचं असलं तर चिठ्ठीवर माझी सही लागते. जंतू असं मलम पचवायला आपोआप शिकत नाही. ते त्याच्यावर पुन्हा पुन्हा, अर्धवट, लावा-सोडा करत मारलं तर शिकतो.

"म्हणजे भाऊ," मी म्हटलं, "हा जंतू कोणाच्या तरी नाकात महिनोन् महिने राहिलाय. आणि त्या माणसाला ते माहीत आहे. तो गुपचूप मलम लावतोय."

"आणि रोज कामाला येतोय," भाऊ म्हणाले.

३

दुपारी मावशींच्या घरी गेले. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. मुलगी बाळंतपणाला आलेली, नातू दोन महिन्यांचा.

"रडतोय की," मी म्हटलं. "घ्या जरा."

"नाही घेत."

"अहो हात धुऊन घेतलंत तर काही होत नाही त्याला. मी सांगतेय ना!"

"तुम्ही सांगता बाई. पण कागदावर काय लिहिलंय?" त्या आणखी भिंतीला टेकल्या. "कागदावर साहेबांची सही आहे की मी माणूस मारला. काल सकाळपासून त्याला शिवले नाही मी. त्याचा लंगोट वाळत घातला तरी हाताला फडकं गुंडाळते. आतून तो रडतो आणि मी इथे कान झाकून बसते. ही काय शिक्षा आहे हो? मी केलं तरी काय?"

मुलगी दारात आली, बाळ खांद्यावर. तिचे डोळे सुजले होते. "आई जेवतसुद्धा नाही. ताट वेगळं, पेला वेगळा. कोण कुठला कागद, आणि माझी आई घरात परकी झाली."

मी मग वही काढली. "मावशी, मला त्या दोन महिन्यांतलं तुमचं काम सांगा. बारीकसारीक सगळं."

"काय सांगू? रोजचंच. सकाळी लादी, मग चादरी, भांडी उकळून ठेवायची, डॉक्टरांच्या खोलीत वाफेचं मशीन नेऊन द्यायचं, परत आणायचं, ड्रेसिंगचा कचरा बांधायचा, अठ्ठेचाळीस पेशंट झाले त्या दोन महिन्यांत, सगळ्यांना मीच वळवलं. दुसरी मावशी रजेवर होती ना."

"सगळ्यांना? अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस?"

"मग काय अर्ध्यांना सोडू?"

अगं बाई! इतकी साधी गोष्ट. समितीने सहा आजारी पडलेले घेतले आणि विचारलं, यांना कोणी हात लावला? मावशींनी. झालं, सापडली चोर! आजारी न पडलेले बेचाळीस कोणी मोजलेच नाहीत. त्यांनाही मावशींनीच हात लावला होता, त्याच हातांनी. आजार शोधायचा तर ज्यांना झाला त्यांच्याइतकंच ज्यांना झाला नाही त्यांच्याकडेही बघावं लागतं, हे मी दरवर्षी नव्या पोरींना पहिल्याच तासाला शिकवते.

मी तिथेच मावशींच्या दारात बसून वहीत उतरवून घेतलेल्या अठ्ठेचाळीस ऑपरेशनांच्या तारखा मांडल्या. सहाही आजारी दोनच झटक्यांत होते. पहिल्या महिन्याच्या चार ते नऊ तारखेत तिघं, दुसऱ्या महिन्याच्या एकवीस ते सत्तावीसमध्ये तिघं. त्या दोन झटक्यांत मिळून आठ ऑपरेशनं, त्यातली सहा सडली. बाकी सगळ्या दिवसांत चाळीस ऑपरेशनं झाली आणि एकही नाही.

म्हणजे जंतू वॉर्डात नव्हता. तो ऑपरेशन थेटरात होता. आणि ऑपरेशनच्या नोंदवहीत या सगळ्यांपुढे एकच नाव होतं.

४

ते नाव हाडांच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांचं. आम्ही त्यांना 'हातोडा' म्हणतो. हाडावर चालवतात तो एक, आणि जिभेवर असतो तो दुसरा. मागच्याच महिन्यात त्यांनी भर वॉर्डात मला "सिस्टर, तुमचा साबण तुमच्या घरी ठेवा" असं सुनावलं होतं. खोकतातही असे की भिंती हादरतात. मला वाटलं, सापडला.

त्यांच्या हाताखालचे धाकटे सर्जन म्हणजे अगदी उलटं प्रकरण. त्यांचं नाव 'लोणी'. कधी आवाज चढणार नाही, कधी कपाळाला आठी नाही. संसर्ग समितीचे अध्यक्ष तेच, म्हणजे माझे साहेब. मी रविवारी त्यांच्याकडेच गेले. झाल्या प्रकाराने त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं.

"ताई, मावशींसाठी मीही झटतोय," ते हळुवारपणे म्हणाले. "बडतर्फीऐवजी दुसरीकडे बदली करता येईल का बघतो. बिचारीला काय कळतं! तिने मुद्दाम थोडंच केलंय?"

"सर, फाईल गेलीय."

"अरेरे. इथे काही जागेवर राहत नाही बघा."

"आणि मला डॉक्टरांची नाकं तपासायचीत."

त्यांनी चष्मा वर सारला. "डॉक्टरांची?"

वॉर्डातल्या एकेचाळीस जणांची नाकं तपासली होती. परिचारिका, मावशी, मलमपट्टी करणारा ड्रेसर, लिफ्टवाला, अगदी पाण्याचे कॅन आणणारासुद्धा. एकही डॉक्टर नव्हता. यादीचं शीर्षक होतं 'कर्मचारी'. डॉक्टर कर्मचारी नसतात ना, डॉक्टर डॉक्टर असतात! यादी कोणी केली हे मी तेव्हा विचारलं नाही. मी हातोड्याच्या नादात होते.

"बरोबर आहे तुमचं ताई," लोणी म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा. घ्या."

हातोडा व्हरांड्यातच भेटले. "माझं नाक? माझं? एकतीस वर्षं ऑपरेशनं करतोय मी!" सगळा मजला गोळा झाला. मी कापसाची काडी हातात धरून पुतळ्यासारखी उभी. शेवटी त्यांनी मान मागे टाकली आणि नाक असं काही पुढे केलं की जणू तलवारच उपसली. "घाला! मेंदूपर्यंत घाला!" मीही कसर ठेवली नाही. डोळ्यांतून पाणी काढलं त्यांच्या.

भूल देणाऱ्या मॅडम चहा पीत होत्या. त्या हसत म्हणाल्या, "गुदगुल्या झाल्या तर शिंकेन हं तोंडावर," आणि कप खाली न ठेवताच नाक दिलं.

लोणींनी माझ्या हातातली काडी अदबीने काढून घेतली. "तुम्ही कशाला त्रास घेता ताई? मी घेतो ना." आत गेले, मिनिटात बाहेर आले. नळीवर सुवाच्य अक्षरात नाव, तारीख, वेळ. सगळ्यांनी असं काम केलं तर माझी नोकरी किती सुखाची होईल, असं माझ्या मनात आलं. मी धन्यवादसुद्धा म्हटलं, काय सांगू!

सोमवारी दुपारी भाऊंचा फोन आला.

"बाई, तिन्ही निगेटिव्ह. हट्टी जंतू एकातही नाही."

५

मी तळघरात जाऊन डोकं धरून बसले. मंगळवारी सकाळी दहाला समिती. मावशींची चूक नाही हे मी सांगेन, पण मग कोणाची? नाव नसलं की समिती म्हणणार, बाई, तुमचं गणित छान आहे, पण नाकात जंतू सापडलेली एवढी एकच आहे. आणि मावशींचं नाव कागदावर कायमचं राहणार.

भाऊंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि जंतू वाढवायच्या तीन तबकड्या. "बघा तुमच्या साहेबांची नाकं. हातोड्याचं नाक म्हणजे बाजार भरलाय नुसता, साधेसुधे सगळे जंतू नांदतायत. मॅडमचंही तसंच. आणि हे लोणी बघा. कमाल आहे. एक ठिपका नाही! काचेसारखी तबकडी. माणूस नाकसुद्धा इस्त्री करून घालतो की काय!"

भाऊ हसले. मीही हसणार होते. पण कप तोंडाजवळच राहिला.

"भाऊ, तुम्ही आजवर किती नाकं बघितली असतील?"

"पाच-सहा हजार."

"त्यात असं नाक किती वेळा दिसलं? ज्यात काहीच उगवलं नाही?"

भाऊंचं हसू मावळलं. त्यांनी तबकडी उचलून उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. "एकदाही नाही," ते हळूच म्हणाले. "काहीतरी उगवतंच. तान्ह्या पोराच्या नाकातसुद्धा उगवतं."

"आणि ते मलम लावणाऱ्याच्या?"

"मलमाने जंतूंची ही एक जात मरते, सगळी वस्ती उठत नाही. आणि आपला हा जंतू तर मलमाने मरतच नाही." त्यांनी तबकडी खाली ठेवली. "बाई, ही काडी नाकात गेलीच नव्हती."

सर्जन माणूस! त्याच्या लेखी स्वच्छ म्हणजे काहीच नसलेलं. आयुष्यभर निर्जंतुक हत्यारं, निर्जंतुक चादरी, निर्जंतुक हातमोजे. खोटं नाक द्यायची वेळ आली तेव्हा त्याने तेच दिलं, निर्जंतुक. ड्रेसर असता तर कोपऱ्यातल्या लिफ्टवाल्याच्या नाकात काडी फिरवून आणली असती.

पण ही शंका झाली, पुरावा नव्हे. हातोड्याच्या नावावरची ऑपरेशनं आणि जंतू लोणीच्या नाकात, हे जुळतं कसं ते बघायला मी वर धावले. भूलवाल्या मॅडम थेटराबाहेर पायमोजे चढवत होत्या.

"मॅडम, ऑपरेशनच्या नोंदीत मोठ्या डॉक्टरांचंच नाव असतं ना?"

"पद्धतच आहे आपली. मुख्याचं एकट्याचं नाव. पण हाड जागेवर बसलं की हातोडा जातो निघून. मांस, कातडी, टाके, सगळं लोणी करतो. पाऊण तास जखमेवर ओणवा असतो."

"त्याला सर्दी झाली की?"

मॅडम वर बघायला लागल्या. "तुला कसं कळलं? सर्दी झाली की चष्म्यावर वाफ धरते त्याच्या. मग मास्क नाकाखाली ओढतो. मी दोनदा टोकलं. 'बस, दोनच टाके राहिलेत' म्हणाला."

नाकात जंतू असलेला माणूस शांतपणे श्वास घेत असला तर फारसं पसरत नाही. त्याला सर्दी झाली की मात्र नाकातले जंतू ढगासारखे बाहेर पडतात. मी वॉर्डात गेले आणि वाफेच्या मशीनची वही काढली. मशीन वॉर्डाबाहेर न्यायचं तर नोंद लागते, आणि मावशी नोंद कधी चुकवत नाहीत. सहीऐवजी त्या एक गोल काढून आत टिंब देतात. पहिला महिना, चार ते नऊ, रोज एक गोल. दुसरा महिना, एकवीस ते सत्तावीस, रोज एक गोल. पुढे त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात 'डॉक्टर खोली'.

मी मावशींना फोन लावला. "वाफेचं मशीन कोणाला नेऊन देत होता तुम्ही?"

"लोणीसाहेबांना की. नाक चोंदलं की बिचाऱ्यांना झोप नाही लागायची. मीच पाणी भरून द्यायचे. का हो बाई?"

"उद्या सांगते," म्हटलं आणि वही काखोटीला मारली.

६

मंगळवारी दहा वाजता समिती बसली. प्रशासक मधोमध, डावीकडे हातोडा, उजवीकडे लोणी, मॅडम टोकाला. मावशींना बाहेर बाकावर बसवलं होतं.

मी तारखा मांडल्या. अठ्ठेचाळीस, सहा, दोन झटके. त्या आठवड्यांत न सडलेली जी दोन ऑपरेशनं होती, त्या दिवशी लोणी ओपीडीत होते आणि टाके हातोड्याने स्वतः घातले होते, हे मॅडमच्या भुलेच्या कागदावरून दाखवलं. तिथे टाके कोणी घातले ते लिहिलेलं असतं. भाऊंनी मलमाचं सांगितलं. मग मी वाफेच्या मशीनची वही टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी ती काचेसारखी तबकडी.

"यात काहीच नाही," प्रशासक म्हणाले.

"तेच तर," मी म्हटलं.

समजावून सांगायला दोन मिनिटं लागली. हातोडा हळूहळू लोणीकडे वळले. मी खिशातून कापसाची नवी काडी काढली आणि उठून लोणीपुढे उभी राहिले.

"सर, तुम्ही कशाला त्रास घेता? या वेळी मी घेते."

ते काडीकडे बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आवाज अजूनही मऊच. "ताई, सहा महिन्यांपूर्वी मी बाहेर तपासून घेतलं होतं. जंतू निघाला. सांगितलं असतं तर जाईपर्यंत थेटर बंद झालं असतं. पुढच्या वर्षी सर निवृत्त होतायत, विभाग मला मिळणार होता... मी मलम लावत होतो ताई. आठवण झाली की लावत होतो. मला वाटलं गेला असेल."

"वाटलं? पुन्हा तपासलंत?"

ते पुन्हा चष्मा पुसू लागले.

"फाईल तुम्ही नेलीत. दुसरं पान तुम्ही वाचलंत, अख्ख्या हॉस्पिटलात तुम्ही एकट्यानेच वाचलंत! कर्मचाऱ्यांची यादी तुम्ही केलीत. मावशींच्या नाकात दुसराच जंतू आहे हे कळून समितीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही त्या कागदावर सही केलीत. अहो, जंतू नाकात असणं हा गुन्हा नाही. मावशींच्या नाकात आहे, माझ्याही कधी असेल, हॉस्पिटलात राबणाऱ्या कोणाच्याही असेल. तुम्ही सांगितलं असतंत तर मी स्वतः तुम्हाला औषध दिलं असतं, आणि एकाही माणसाला कळलं नसतं. पण तुम्ही माहीत असून मास्क नाकाखाली ओढलात! आणि तो ड्रायव्हर गेला. आणि ज्या बाईने तुम्हाला वाफेला पाणी भरून दिलं तिला 'बिचारीला काय कळतं' म्हणालात!"

माझा आवाज कुठवर गेला होता देव जाणे. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं दाराशी जमली होती.

हातोडा उठले. मला वाटलं आता टेबल उलटणार. पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नोंदवहीत माझं नाव आहे. टाके कोण घालतो, कसे घालतो, मी थांबून बघितलं नाही. एकतीस वर्षं बघितलं नाही." मग लोणीकडे न बघता म्हणाले, "ऊठ. आजपासून तू थेटरात पाय ठेवायचा नाहीस. पुढचं काय ते वरचे आणि पोलीस बघतील. ड्रायव्हरच्या घरच्यांना खरं सांगायचं काम आजच व्हायला पाहिजे."

प्रशासकांनी घाम पुसला. "ठीक आहे, ठीक आहे. मावशींना एक पत्र देऊन टाकू. निलंबन मागे. उगाच बोभाटा नको."

दार उघडंच होतं. मावशी आत आल्या. एकोणीस वर्षांत त्या खोलीत त्या फक्त पुसायला आल्या होत्या.

"पत्र नको," त्या म्हणाल्या. "माझं ओळखपत्र कुठे काढलंत साहेब?"

"ते... पायऱ्यांवर."

"मोठ्याने वाचलंत की हळू?"

प्रशासक समोरचे कागद सारखे करू लागले.

"मग तिथेच. तेवढ्याच मोठ्याने."

अकरा वाजता, भेटीच्या वेळेला, पायऱ्यांवर गर्दी असताना कागद वाचला गेला. प्रशासकांचा आवाज फुटेना, तेव्हा हातोड्याने कागद हिसकावून घेतला आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा वाचला. मावशी निर्दोष आहेत. जंतू डॉक्टरांकडून आला. माझ्या विभागातल्या डॉक्टरांकडून. ओळखपत्र त्यांनी स्वतः मावशींच्या गळ्यात घातलं.

ड्रायव्हरच्या बायकोला मी सकाळीच बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या कोणाकडून तिला कळावं हे मला पटत नव्हतं. ती खालच्या पायरीवर उभी होती. सगळं संपल्यावर ती पुढे आली.

"मी तुम्हाला नको नको ते बोलले," ती म्हणाली.

"बोललात," मावशी म्हणाल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "सगळं ऐकून घेतलं मी. आता ज्याचं आहे त्याला ऐकवा. मी येते तुमच्याबरोबर."

दोघी हातात हात घालून त्या पायऱ्या चढून आत गेल्या. मी मागून चालले होते. लोणी अजून समितीच्या खोलीतच बसून होते. तिच्या दाराशी मावशी थबकल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई, माझ्या मुलीला फोन लावता का? म्हणावं, पाणी तापवून ठेव. आज त्याला अंघोळ मी घालणार आहे."